मोकळा हात

समोरच्या काकूंनी विचारलं तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये आमची दारं समोरासमोर आहेत. त्या जपानी, पण मी त्यांना काकू म्हणते आणि त्यांना ते आवडतं. तरुणपणी त्या एन्का गायच्या. एन्का म्हणजे तिकडची उदास गाणी: बंदर, बर्फ, दारू, परत न आलेला माणूस. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा ती खपावी म्हणून दुकानांबाहेर बिअरच्या क्रेटवर उभ्या राहून त्या गायल्या होत्या. पुढे गरम झऱ्यांच्या गावांतली हॉटेलं, समोर जेवणारी माणसं. मग लग्न, अमेरिका आणि इथल्या जपानी रेस्टॉरंटमधले शनिवार.

आता इथल्या जपानी हॉलमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता. एन्का गाणारी बाई मध्येच स्टेजवरून उतरते, गात गात प्रेक्षकांशी हात मिळवते. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आयोजकांनी खुर्चीत बसून गायला सांगितलं.

“खाली उतरले नाही तर लोक नुसतं गाणं ऐकून घरी जातील,” काकू मला म्हणाल्या. “तू मला धर.”

मी ऑफिसच्या मीटिंगमध्येही कॅमेरा बंद ठेवते. आठवडाभर झोप नीट लागेना. रिकाम्या हॉलमध्ये आम्ही प्रॅक्टिस केली: पायऱ्या, रांगा, वळण, परत. सगळं जमलं.

कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या आजींनी दोन्ही हात पुढे केले आणि आम्ही अडकलो. काकूंच्या एका हातात माईक, दुसऱ्यात माझा दंड. रिकाम्या खुर्च्यांनी हात पुढे केले नव्हते, त्यामुळे हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. गाणं चालू होतं, आजींचे हात तसेच हवेत. काकूंनी माझा दंड सोडून पाहिला. गुडघा लटपटला, त्यांनी पुन्हा घट्ट पकडलं.

मी माईक काढून घेतला. विचार केला असता तर घेतला नसता. एक हात त्यांच्या कमरेभोवती, दुसऱ्या हाताने माईक त्यांच्या तोंडाशी. स्पीकरमधून माझा श्वासही ऐकू येत होता, पळून आल्यासारखा. काकूंनी आजींचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले, मग शेजारच्यांचे. शेवटच्या रांगेपर्यंत मी एकही चेहरा पाहिला नाही, फक्त हात पाहिले.

परतताना गाडीत मला राहवेना. माझ्या श्वासामुळे गाणं बिघडलं का, असं मी शेवटी विचारलं.

“माईक जरा लांब धरत होतीस,” त्या म्हणाल्या, आणि मांडीवरचे हात उलटे करून तळव्यांकडे बघत बसल्या.