सुनंदाताईचा लाडका विषाणू

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या कंपनीत शिफ्टवर होतो. हृदयाचं दुखणं जुनं, तरी ती इतक्यात जाईल असं वाटलं नव्हतं... महिना उलटला, तिचं येणं-जाणं थांबल्यापासून घर फार गप्प वाटतं. माझी ही चुलतबहीण चिंचवडला कॉलेजात शिकवायची. त्याआधी तिने कांजिण्या आणि नागीण ज्याच्यामुळे होते, त्या हर्पिस जातीच्या विषाणूवर संशोधन केलं होतं. त्या विषाणूचं तिला कौतुक इतकं, की लग्नाच्या पंगतीतही ती त्याचा विषय काढायची आणि शेजारचा पाहुणा जेवण आवरतं घ्यायचा!

आम्हीही हसायचो. मग आईला नागीण झाली. कपाळावर फोड उठले, डोळ्याकडे सरकू लागले. गावात जो तो गेरू लावायला सांगत होता. आईला भीती एकच, "नागिनीची दोन्ही तोंडं मिळाली की मानूस जातंय." ताई कळलं त्याच दिवशी चाकणला आली. रागावली नाही. आईच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "काकू, लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत झोपला होता, तो उठलाय. आपल्या पेशीत शिरून तो स्वतःची प्रथिनं बनवतो. एक प्रथिन त्याच्या डीएनएची दुपदरी माळ उलगडतं, दुसरं नवे मणी ओवतं, तिसरं त्या ओवणाऱ्याला घसरू देत नाही. गोळीत खोटे मणी असतात. विषाणूचंच एक प्रथिन ते ओवण्याजोगे करायला घेतं, आणि तसला एक मणी माळेत गेला की पुढचं ओवणंच थांबतं."

"आन् माझ्या माळंचं काय?"

"तुझ्या पेशी तो मणी सहसा हातात घेत नाहीत."

"मंग डोळा वाचंल व्हय?"

"आत्ता दवाखान्यात निघालो तर बहुतेक वाचेल."

ताई 'नक्की' म्हणाली नाही, म्हणूनच आईचा विश्वास बसला असावा. ती उठली. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, डोळा वाचला.

मागच्या आठवड्यात शेजारी भाड्याने राहणाऱ्या लातूरकडच्या बाईंच्या पाठीवर तसेच फोड उठले. त्या गेरू कालवत होत्या, तोच आई चप्पल घालून त्यांच्या दारात उभी राहिली. मला रिक्षा आणायला पिटाळलं, वाटभर त्यांना समजावत राहिली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तुम्ही यांच्या कोण?"

"ह्यांची कुनी न्हाई," आई म्हणाली. "मी सुनंदाची काकू हाय."