विचारून जायची वाट

सिंधूकाकू आमच्या फाटकाच्या आत कधी आल्याच नाहीत. एक पाय पायडलवर, एक रस्त्यावर, हँडलला नायलॉनची पिशवी, आणि त्याच अवस्थेत चहा. बशीत ओतायचा, फुंकर न घालता संपवायचा, कपबशी फाटकाच्या खांबावर ठेवायची आणि निघायचं. बसा म्हटलं की म्हणायच्या, "बसलो का मले मुंग्या येतात." पायाला की जिवाला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. साठी उलटलेली बाई, साडी एका बाजूनं खोचलेली, डोक्याला उन्हाचा दुपट्टा. पुलगावात त्यांच्या मुलाचं, प्रशांतचं, किराणा दुकान आहे. तिथं गल्ल्यावरसुद्धा बाई उभ्याच असायच्या आणि गिऱ्हाइकाला धाप लागायची.

मग हळूहळू त्यांना ऐकू येईनासं झालं. कानातलं मशीन घेतलं, पण ते दोन दिवसांत डब्यात गेलं. त्याच्यात सारा बाजार एकदम बोलतो, ही तक्रार. एकदा आर्वी रोडवर माझ्यादेखत मागून ट्रक हॉर्न बडवत आला, यांना पत्ताच नाही. ड्रायव्हरनं कशीबशी गाडी कडेला उतरवली आणि खाली येऊन त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. काकूंना त्याही ऐकू आल्या नाहीत. भला माणूस दिसतो, किती कळवळून बोलत होता, असं मला वर सांगितलं. मी खरं काय ते त्यांना सांगितलं नाही, प्रशांतला मात्र सांगितलं. त्यानं त्याच दिवशी सायकलला कुलूप घातलं. त्यानंतर काकू घरात अशा येरझाऱ्या घालू लागल्या की शेवटी सूनच कावली आणि तिनंच कुलूप काढायला लावलं. तह असा झाला, की डांबरी रस्त्याला चाक लावायचं नाही.

हे फिरायच्या हौसेपुरतं असतं तर निभलं असतं. पण रोहण्याला त्यांची धाकटी बहीण होती, इंदूमावशी. लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली. काकू दर मंगळवारी तिच्याकडे जायच्या, तिची वेणी घालायच्या, तिच्याजवळ बसायच्या. हो, तिथं मात्र बसायच्या. "तिले बोलता येत नाई, मले ऐकू येत नाई," म्हणायच्या, "आता आमचं भांडनच होत नाई." बसनं एकदा गेल्या तर कंडक्टरचं ऐकू न आल्यानं थेट आर्वीला पोचल्या. प्रशांतच्या मोटारसायकलवर मागे बसलं की आपलं पोतं होतं, अशी त्यांची दुसरी तक्रार. म्हणजे सायकलच. आणि डांबर नाही.

तेव्हा त्यांनी वाट शोधायला घेतली आणि मला बरोबर ओढलं. "तुह्ये कान घेऊन चाल," एवढंच आमंत्रण. बंद पडलेल्या छोट्या रेल्वेच्या भरावावरून गिट्टीतली पायवाट, पुढे कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता, तिथून वावरांमधली पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट. किती वेळा चुकलो, किती बाभळीचे काटे ट्यूबमधून उपसले, विचारू नका. पण वाट जमली. एक मोटार नाही, एक हॉर्न नाही. फार तर एखादी बैलगाडी, मेंढरांचा कळप, दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी आणि तूर. काकू पुढे, मी मागे धापा टाकत. चाकाखाली मुरूम करकरायचा. तो त्यांना ऐकू येत नसणार, म्हणून मी एकदा हळहळले, तर त्यांनी माझा हात धरून हँडलवर दाबला. "पाह्य, हातात वाजते."

सगळं जमलं आणि एका जागी अडलं. रोहण्याच्या अलीकडे पांदणच गायब. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरसाल नांगराची एकेक सरी जास्त ओढून तिचं वावर करून टाकलेलं. पलीकडे पांदण पुन्हा दिसत होती, पण मधे भास्करराव नावाच्या शेतकऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध होता. भास्करराव साफ नाही म्हणाले. माणूस वाईट नव्हता. शेजाऱ्याशी त्यांची याच वाटेवरून तहसीलमध्ये केस चालू होती. एक माणूस रोज बिनबोभाट गेला की वहिवाट पडते, मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टरही हक्कानं घुसतो, ही त्यांची धास्ती. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहत सगळं समजून घेतलं आणि म्हणाल्या, मी दर वेळी विचारून जाईन. हो म्हणाल तर जाईन.

तेव्हापासून ते सुरू झालं. काकू धुऱ्यावर थांबायच्या आणि "भास्करभाऊ, जाऊ काऽ" अशी हाळी द्यायच्या, की बाभळीवरचे बगळे उडायचे. उत्तर ऐकू येणार नाही, म्हणून भास्करराव लांबूनच दुपट्टा वर करायचे. दुपट्टा दिसला की काकू सायकल हातात धरून धुऱ्यावरून पलीकडे. त्या शेजाऱ्यानं हे पाहिलं आणि काकूंना गाठलं. तुम्ही इथून जाता एवढं तहसीलदारापुढे सांगा, वाट कायमची मोकळी होईल. काकूंनी त्यालाच सुनावलं, "मी विचारून जातो. त्याले वहिवाट नाई म्हनत, मेहरबानी म्हनते."

कापूस वेचणीचे दिवस होते. मावशीनं कालपासून पाणीही घेतलं नाही, असा काकूंच्या भाच्याचा मला फोन आला. प्रशांत माल आणायला नागपूरला गेलेला. मी बसचं बघते म्हणेपर्यंत काकू भरावावर चढल्यासुद्धा होत्या. कसंबसं त्यांना गाठलं. त्या दिवशी त्या एकदाही मागे वळल्या नाहीत. धुऱ्यावर पोचलो तर भास्करराव नाहीत. काकूंनी हाळी दिली, पुन्हा दिली. मी फोन लावला, लागेना. शेजाऱ्याच्या वावरात कापूस वेचणारी माणसं हात थांबवून आमच्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "काकू, चला. आज कोण विचारतं?"

"तो पानी प्यायले गेला असन. येईन."

तो आला नाही. काकू धुऱ्यावर इकडून तिकडे फिरत होत्या, सायकलची मूठ आवळत होत्या, सोडत होत्या. रोहण्याची पाण्याची टाकी समोर दिसत होती. मी अक्षरशः ओरडले, तशा त्या माझ्याकडे वळल्या. "त्यानं मले शब्दावर सोडलं. तो नसताना गेलो त त्याचंच म्हननं खरं होते. थे लोक पाहून राह्यले न."

शेवटी मी बळंच त्यांना डांबरी रस्त्याकडे वळवलं. एक मालाची गाडी थांबवली, सायकली मागे टाकल्या. काकू सायकलींबरोबर मागे उभ्याच. रोहण्याला पोचलो तेव्हा अंगणात बाया जमल्या होत्या. मावशी आत्ताच गेली, थोड्या वेळापूर्वी. काकू आत गेल्या आणि बहिणीची विस्कटलेली वेणी सोडून पुन्हा घालायला बसल्या. मला भास्कररावांचा राग आला, पण काकूंचा त्याहून जास्त आला. दुसऱ्याच्या केसपायी आपल्या बहिणीची शेवटची भेट घालवायची, हा कुठला शहाणपणा? तो राग मला आजही अधूनमधून येतो.

तेरवीला भास्करराव आले. त्या दिवशी म्हातारी आई घरात घसरून पडली होती, तिला आर्वीच्या दवाखान्यात नेलं होतं, असं त्यांनी खालमानेनं सांगितलं. काकूंना ओठ दिसेनात, म्हणून मी त्यांना तोंड वर करून बोलायला सांगितलं. मग ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"काकू, आता विचारू नका. कधीबी जाजा. केस हारलो त हारलो."

 काकूंच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे आम्हालाच बसवेना.

"वाट देऊन राह्यले भाऊ, आता जाऊ कोनाकडे, थे बी सांगा."

भास्कररावांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. पंगतीत वाढणारेही थांबले होते. मग भास्करराव म्हणाले, "माह्या घरी या. माय दिवसभर खाटेवर एकटीच राह्यते. वेनी घालाले कोनी नाई तिची."

काकूंनी हाताची खूण करून त्यांना पुन्हा बोलायला लावलं. पहिल्याच वेळी त्यांना सगळं कळलं होतं, हे मी पैजेवर सांगते. भास्करराव पुन्हा बोलले, आणि तेरा दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या काकू तिथंच, भरल्या पंगतीत, रडायला लागल्या.