पोळ्याची तारीख

राज्य फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी मी सौंसरच्या कचेरीत कारकून होतो, आणि माझं बूड एका जागी टिकत नव्हतं. नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो होतो. मला नागपूरकडे घ्यावं म्हणून मी लिहून दिलं होतं आणि हुकमाची वाट पाहत होतो. खुर्चीत बसायचं, उठून दारात जायचं, टपालवाला दिसला नाही की परत यायचं, असं दिवसभर. समोर आलेला कागद मला आता आपला वाटतच नसे. ज्याला वेळ लागेल तो फडक्यात बांधून मी कपाटावर टाकायचो. माझ्या जागी येईल तो बघेल, असं उघड म्हणायचो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

तिकडे जिल्ह्याच्या तुरुंगात माणसं मावत नव्हती. खटल्यांचे निम्मे कागद नागपुरात, निम्मे वाटेत, कैदी मात्र जागच्या जागी. पाळीपाळीने झोपतात, असं तिथून येणारे शिपाई सांगत. म्हणून फिरती कचेरी निघाली. एक जीप, घडीचं टेबल, लोखंडी पेटी आणि जबलपूरकडून बदलून आलेले दंडाधिकारी साहेब. त्यांनी तालुक्याला यायचं, कच्चे कैदी तुरुंगातून आणवायचे आणि एका दिवसात निघतील तेवढे खटले काढायचे. उरले त्यांची पाळी दिवाळीनंतर.

तारीख ठरवताना साहेबांनी मला विचारलं होतं, "उस दिन यहाँ कोई त्योहार तो नहीं?" मी सुट्ट्यांची नवी छापील यादी पाहिली. तिच्यात पोळा नव्हता. "नहीं है, साहब," मी म्हणालो. पोळा कधी आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बायकोने डाळ-गूळ आणायला बजावलं होतं. पण मी नोकरदार घरातला, आमचा पोळा म्हणजे पुरणपोळी आणि मुलांचे लाकडी बैल. एक कटकट लवकर मिटावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत अकरा खटले निघाले. बाराव्याला पुकारा झाला आणि फिर्यादी आलाच नाही. आरोपी लोधीखेड्यापलीकडच्या एका खेड्यातला सालदार, वर्षाच्या बोलीवर पाटलाकडे राबणारा. संक्रांतीच्या सुमारास पाटलाचा बैल नाहीसा झाला, हा त्याच दिवशी बाजारात दिसला, म्हणून यानेच विकला असं ठरलं. जामीन राहायला कोणी नव्हतं, तेव्हापासून आत. त्याची बायको पहाटे घरून निघून चार कोस चालत आली होती आणि सकाळपासून चिंचेखाली बसून होती. मी बाहेर जाऊन तिच्यावरच डाफरलो, पाटील कुठे आहे तुझा?

"पाटीलबाप्पाचा गुडघा गेला, साहेब. बैलाच्या दमणीबिगर हालत नाई ते," ती म्हणाली. "काल बैलायच्या खांद्याले हळद-लोनी लावलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, म्हनून सांगतलं त्यायले. आता आज त्याच खांद्यावर जू कोन ठेवते?"

अख्ख्या तालुक्यात आज एकही गाडी जुंपली जाणार नव्हती.

"बैल तं कवाचाच घरी आला," ती पुढे म्हणाली. "बाप्पानं येऊन सांगतलं का झालं. आज नाई झालं तं मंग कवा?"

दिवाळीनंतर, हे मला तिला सांगवेना. आत गेलो आणि साहेबांना खरं ते सांगून टाकलं, की आज पोळा आहे, मला माहीत होतं, यादीत नव्हता म्हणून बोललो नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, कचेरी फिरती आहे ना? मग फिरवू. फिर्यादी येत नसेल तर आपण जाऊ.

टेबल, पेटी, साहेब, मी, शिपाई, हातकडीतला सालदार आणि त्याची बायको असे जीपमध्ये दाटीवाटीने निघालो. गाव मैलभर राहिलं आणि काळ्या चिखलात चाकं रुतली. बांधावर माणसं जमली, पण बैलजोडी आणा म्हटल्यावर एकेकाने मान हलवली. शेवटी शिपायाने सालदाराची हातकडी सोडली. बाकीच्यांबरोबर त्याने खांदा लावला आणि आपला खटला आपणच ढकलत गावापर्यंत नेला. मला एकदा हसू आलं, पण त्याचं तोंड पाहिलं आणि ते जिरलं.

पाटलाच्या अंगणात टेबल मांडलं. बैल रंगवलेले, झुली घातलेले, तोरणाखाली न्यायच्या तयारीत. त्यातलाच एक तो हरवलेला. पाटील खाटेवरूनच हात जोडून बोलला.

"बैल कोंडवाड्यात भेटला, साहेब. यानं नाई नेला. मी तं शिमग्याच्या आंधीच कचेरीत अर्ज देल्ला होता. तवापासून वाट पाहून राहिलो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "अर्ज़ आया था?"

नाही म्हणालो असतो तर कुणाला कळलं नसतं. पेटीची किल्ली माझ्याच खिशात होती. कपाटावरचे सगळे गठ्ठे मी त्या दिवशी न सोडताच पेटीत कोंबले होते. मी खाली बसलो आणि एकेक गाठ सोडू लागलो. तिसऱ्या फडक्यात तो निघाला, वर कचेरीचा शिक्का, खाली माझी सही आणि माझ्याच हातची तारीख. मी तो साहेबांपुढे धरला. साहेबांनी तो वाचला आणि तसाच माझ्या हातात परत दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निकाल त्यांनी हिंदीत लिहिला. मी तो मराठीत सांगितला. सुटलास.

त्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. पाटील म्हणाला, "काल बैलायले आवतन देल्लं, तुले द्याचं राहून गेलं. जेवून जाय, बापा." सालदाराने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो सरळ टेबलापाशी माझ्याकडे आला.

"बाबू, त्या अर्जावर कवाची तारीख हाय?"

"शिमग्याच्या चार दिवस आधीची," मी म्हणालो.

तो बोटांवर महिने मोजू लागला. एक हात संपला, मग दुसऱ्या हाताचं पहिलं बोट.

"मंग शिमग्यापासून पोळ्यापावतर मी आत कायच्यासाठी होतो?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी कागदात पाहून सांगेन असं त्याला वाटलं असावं, तो तसाच उभा राहिला. मी अर्ज उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग बायकोने त्याचा दंड धरला आणि त्याला घराकडे नेलं.