बोळकं आणि डबलडेकर

दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. त्या खोलीत बसून तो कवळ्या बनवायचा. पुढच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांची आणि त्याची गाठ कधी पडत नसे. डॉक्टरीणबाई तोंडाचं माप घेऊन मधल्या खिडकीतून आत सरकवत. तो त्यात प्लास्टर ओतायचा, मेणाच्या हिरड्या करायचा, त्यांत एकेक दात बसवायचा, आणि कवळी तयार झाली की चाकावर चकचकीत करून त्याच खिडकीतून बाहेर द्यायचा. कोणाचा जबडा डावीकडे ओढलेला आहे, कोण झोपेत दात खातं, हे त्याला मापावरून कळायचं. चेहरा मात्र एकाचाही पाहिलेला नसायचा. दवाखान्यात त्याला सगळे कवळीवाले म्हणत. घरी काही म्हणायला कोणी नव्हतं.

म्हणजे पूर्वी होतं. आई-वडील लवकर गेले, तेव्हा धाकटी बहीण शाळेत होती. तिला त्यानेच वाढवलं, शिकवलं. पुढे तिचं लग्न होऊन ती इतकी लांब गेली की त्याची संध्याकाळ म्हणजे तिची दुपार. सुरुवातीला दोघं फोनवर बोलत. पण फोन 'जेवलास का' आणि 'जेवलीस का' यांच्यापुढे सरकेना. दोन्हीकडे मायेला तोटा नव्हता, विषयाला होता. शेवटी बहिणीनेच तोडगा काढला. कॉम्प्युटरवर खेळायचा एक ऑनलाइन खेळ होता, जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात हिंडत असत. ती म्हणाली, "दादा, फोनवर बोलायला काहीतरी बोलावं लागतं. खेळताना आपोआप बोललं जातं."

या खेळात शिरताना आधी आपण कोण व्हायचं ते ठरवावं लागतं. खेळणारे त्याला क्लास म्हणतात. तलवारबाज, जादूगार, धनुर्धर, लांडगा पाळणारा शिकारी, ढालकरी, वैद्य. बहिणीने क्षणाचाही विचार न करता तलवारबाज घेतला. लहानपणी घरातली एकही बरणी धड न ठेवलेली मुलगी ती, दुसरं काय घेणार? ती पुढे धावत सुटणार आणि मार खाणार हे त्याला दिसतच होतं, म्हणून त्याने वैद्य घेतला. नाव काय घ्यावं सुचेना. बहीण म्हणाली, "जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवतोयस, तू बोळकं हो." तो बोळकं झाला आणि ती फटाकडी.

मग रोज संध्याकाळी फटाकडी दलदलीतल्या राक्षसांवर तुटून पडायची आणि बोळकं मागे उभं राहून तिच्या जखमांवर जादूचा उजेड टाकून त्या भरायचं. आणि खरंच, बोलणं आपोआप व्हायचं. एखादा बेडूकराक्षस मारता मारता ती सांगायची की सासूबाई आज पहिल्यांदा तिच्या बाजूने बोलल्या. तो सांगायचा की खिडकीची काच अजून बसवून झालेली नाही. काचेचं कोणालाच काही पडलेलं नसायचं, पण सांगितलं जायचं.

पुढे बहिणीला मूल झालं. ती म्हणाली, "दादा, थोडे दिवस जमेलसं वाटत नाही रे." तो म्हणाला, "अगं, बाळाकडे बघ आधी." मित्रांच्या यादीत फटाकडीचं नाव हिरव्याचं राखाडी झालं आणि राखाडीच राहिलं.

वैद्याचं एकट्याने काही चालत नाही. त्याच्या काठीला मार नसतो; एक बेडूक मारायचा तर चहा निवतो. त्यामुळे संध्याकाळी खेळ उघडून तो खेळातल्या गावाच्या वेशीच्या कमानीखाली नुसता उभा राहायचा. दोघं नेहमी तिथेच भेटत, आणि ती आलीच तर तिथेच येईल असं त्याला वाटे.

त्याच कमानीतून नवे खेळाडू बाहेर पडत. बाहेर दलदल होती. निम्मे तर बेडकाच्या पहिल्याच फटक्यात आडवे होत आणि पुन्हा कमानीपाशी जिवंत होऊन तणतणत उभे राहत. पाहून पाहून त्याला राहवेना. एकदा एकाला त्याने सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला, आणि हळूहळू नाव झालं. कोणाला जमेनासं झालं की लोक म्हणायचे, वेशीवरच्या बोळक्याला विचार.

त्याचा सल्ला साधा असे. तो म्हणायचा, चित्र बघून क्लास घेऊ नका, पोस्टरवरचा तलवारबाज पोस्टरवरच बरा दिसतो. आधी स्वतःचा स्वभाव बघा. घाई होत असेल तर जादूगार नको, मंत्र संपेपर्यंत बेडूक तुम्हाला गिळून मोकळा. नेम चुकला की चिडचिड होत असेल तर धनुष्य नको. घेतलेलं नाही झेपलं तर बिनधास्त बदला, सुरुवातीला काही वाया जात नाही. आणि मेलात तर लाजू नका, इथे सगळेच मरतात. फक्त त्याच जागी त्याच पद्धतीने पुन्हा मरू नका.

हे सगळं सांगण्याआधी तो विचारायचा, कोणी बरोबर आहे की एकटेच? बहुतेक जण एकटेच असत. त्यांना तो शिकारी घ्यायला लावायचा. शिकाऱ्याबरोबर लांडगा असतो. लांडगा पुढे लढतो, मालक मागून बाण मारतो, आणि माणसाचं कोणावाचून अडत नाही. शिकारी घेतलेले दोन-तीन दिवसांत दलदल ओलांडून जात. जाताना आभार मानत आणि पुन्हा म्हणून दिसत नसत. तो मनात म्हणायचा, चला, एकाचं मार्गी लागलं. खेळ बंद झाला की खोलीत फ्रिजचा आवाज तेवढा राहायचा.

एकदा असाच एक खेळाडू कमानीपाशी येऊन पुन्हा पुन्हा मरत होता. नाव डबलडेकर. हा तलवार घेऊन बेडकाशेजारी जाऊन थांबायचा आणि थांबल्यावर मार खायचा. बोळक्याने नेहमीप्रमाणे लिहिलं, "अरे, थांबतोस कशाला? आणि हा क्लास तुझ्यासाठी नाही."

उत्तर यायला बराच वेळ लागला. एकेक अक्षर शोधून लिहिल्यासारखं ते आलं. "अरे नाही, अगं. आणि वयाचं बघाल तर अहो."

तो ओशाळला. माफी मागून त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, एकटीच आहे. त्याने शिकारी सुचवला. त्यांनी मुकाट्याने ऐकलं आणि लांडगा घेऊन दलदलीत निघून गेल्या. गेल्या म्हणजे गेल्या, असं तो धरून चालला.

पण काही दिवसांनी डबलडेकर परत कमानीखाली हजर. त्याने विचारलं, लांडगा बिघडला का? त्या म्हणाल्या, "लांडगा गुणी आहे. पण त्याच्याशी बोलता येत नाही." त्यांना ढालकरी व्हायचं होतं.

त्याने समजावून पाहिलं. ढालकरी म्हणजे चालता दगड. मार सोसण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण मारण्याच्या नावाने पूज्य. नव्या माणसाने तो घेऊच नये, त्यातून एकट्याने तर मुळीच नाही. एका बेडकापायी अख्खी संध्याकाळ जाईल.

"मला एकटीने मारायचेच नाहीत," त्यांनी लिहिलं. "एकटीने राहायचं तर घर आहे की. तुम्ही इथे रोज नुसते उभेच असता, चला."

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. इतक्या जणांना त्याने वाटेला लावलं होतं, पण 'चला' कोणी म्हटलं नव्हतं. खरं तर म्हणायची गरजच त्याने ठेवली नव्हती. प्रत्येकाच्या हाती लांडगा देऊन तो मोकळा होत होता.

तो कमानीबाहेर पडला. ढालकरी आणि वैद्य, दोघांच्याही हाताला मार नाही. पहिला बेडूक मारता मारता दोघं रडकुंडीला आली. पण बेडूक मेला. दुसराही मेला. तलवार घेऊन ज्यांना धड पळता येत नव्हतं, त्या बाई ढाल हातात आल्यावर अशा काही उभ्या राहिल्या की त्याला नवल वाटलं. घाई नाही, धावपळ नाही, आणि पुढे सरकण्याआधी दर वेळी मागे वळून बघायच्या.

त्याने एकदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या बस चालवत. आयुष्य त्यातच गेलं. आरशात बघितल्याशिवाय बस हलवायची नाही, कोणाचा पाय पायरीवर असतो. आता निवृत्त झाल्या होत्या, गुडघ्यांनी दगा दिला होता. भाच्याने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, खेळ घालून दिला आणि त्यालाही यायला वेळ मिळेना. "दिवसभर पाठीमागे माणसं असायची," त्यांनी लिहिलं. "भांडायची, गायची, सुट्ट्या पैशांवरून कटकट करायची. एकाचंही नाव माहीत नव्हतं. पण असायची."

हळूहळू त्यानेही बहिणीबद्दल सांगितलं. फटाकडी हे नाव वाचून त्यांनी हसरा चेहरा पाठवला. मग म्हणाल्या, बोलावलंत का तिला परत? त्याने लिहिलं, तिला वेळ नसतो.

"हे तिने सांगितलं, की तुम्ही ठरवलं?"

समोर कोळीराक्षस आला होता, त्याचं निमित्त करून त्याने विषय टाळला.

रोजचं हे हिंडणं सवयीचं झालं. दवाखान्यात मेण वितळवताना तो आज कुठवर जायचं याचा विचार करू लागला. डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून विचारलंसुद्धा, कवळीवाले, आज शीळ घालताय? त्याने शीळ थांबवली.

आणि चांगला ढालकरी मिळणं त्या खेळात दुर्मीळ. सगळ्यांना मारायची हौस, मार खायला पुढे कोण होणार? एकत्र खेळणाऱ्यांच्या एका मोठ्या टोळीने डबलडेकरना पाहिलं आणि आमच्यात या म्हणून मागे लागली. त्यांनी त्याला विचारलं. आता हाही सल्लाच होता, आणि सल्ला त्याला खरा द्यायची सवय. ढालकऱ्याने मोठ्या टोळीतच जावं, तिथेच त्याची किंमत कळते, दोघांत तो वाया जातो. त्याने तसंच लिहिलं. पाठवण्याआधी थोडा थांबला, मग पाठवलं.

"तुम्हीही चला," त्या म्हणाल्या.

तो एकदा गेला. तिथे सगळे कानाला हेडफोन लावून तोंडाने बोलत होते. त्याने बाईंचा आवाज पहिल्यांदा ऐकला; भरदार, थोडा घोगरा, आणि हसरा. कोणीतरी त्यांना बसवरून चिडवत होतं आणि त्या त्याला पायरीवरून उतरवून द्यायची धमकी देत होत्या. टोळीत आधीच चांगले वैद्य होते. तो उजेड टाकायच्या आत जखम भरलेली असायची. त्याने माईक लावला होता, पण तोंडातून शब्द फुटला नाही. लढाई संपल्यावर सगळ्यांना नमस्कार लिहून त्याने काढता पाय घेतला. बाईंचा निरोप आला, पोचलात का? त्याने पोचलो म्हणून कळवलं, जणू खरंच कुठून तरी घरी आला होता.

त्यानंतर त्या अधूनमधून एखादी ओळ लिहीत. पण टोळीच्या वेळा वेगळ्या होत्या. तो पुन्हा कमानीखाली उभा राहू लागला. नवे येत, विचारत. तो उत्तरं देई. पूर्वी ते बरं वाटायचं, आता ते काम वाटू लागलं.

एका रविवारी दुपारी कवळ्यांचं काही काम नव्हतं, घर झाडून झालं होतं, आणि बाईंचा तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. त्याने बहिणीला फोन लावला. जेवलीस का, जेवलास का, झालं. मग त्याने विचारलं, "खेळात येशील का गं एखाद दिवशी?"

ती म्हणाली, "मी आले होते, दादा."

बाळ रांगायला लागलं होतं तेव्हा एका दुपारी तिने खेळ उघडला होता. यादीत आपलं नाव दिसू नये अशी सोय असते, ती तिने केली, कारण अचानक जाऊन त्याला चकित करायचं होतं. तो कमानीखालीच होता. पण त्याच्याभोवती नव्या खेळाडूंची गर्दी होती, सगळे त्याला काही ना काही विचारत होते आणि तो एकेकाला समजावत होता.

"मला वाटलं, चला, दादाला माणसं मिळाली," ती म्हणाली. "माझे हात पार गंजलेले. म्हटलं, आता मध्ये कशाला लुडबुडू. आणि गेले परत."

"मी तुझीच वाट बघत होतो तिथे," तो म्हणाला.

"मग सांगायचं नाही का?"

तिने नाक ओढलं आणि बाळावर ओरडली की ते तोंडातून काढ आधी.

पुढच्या रविवारी ती आली. बाळ मांडीवर होतं. तिला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागलं. तलवार कशी उगारायची तेही ती विसरली होती. मग एक आठवडा नाही आली, मग आली, मग बाळ आजारी पडल्यामुळे खूप दिवस नाही. हे असंच चालणार हे त्याला कळून चुकलं. डबलडेकरना त्याने हे लिहून कळवलं. त्यांनी फक्त "छान" लिहिलं, आणि खाली, टोळी आज डोंगरापलीकडे चालली आहे, म्हणून घाईत आहे.

अशाच एका रविवारी दोघं भावंडं दलदलीच्या मध्यावर असताना बहिणीने लिहिलं, आले हं, बाळ उठलं. मग तिच्याकडून अर्थहीन अक्षरांची एक लांबलचक रांग आली. बाळाने कळफलकावर हात आपटले असणार. मग तेही थांबलं. फटाकडी तलवार खाली करून चिखलात तशीच उभी राहिली.

बराच वेळ हालचाल न करणाऱ्याला खेळ आपोआप बाहेर काढतो. त्याला ते ठाऊक होतं. तो तिच्याशेजारी उभा राहिला. एक बेडूक आला आणि तिला झोंबला. त्याने तिच्या जखमेवर उजेड टाकला, पुन्हा टाकला, आणि आपल्या काठीने त्या बेडकाला बडवत राहिला. बेडूक मेला तोवर बाहेर उन्हं कलली होती. तिची आकृती जरा वेळ तिथेच होती, मग पुसट होत गेली आणि दिसेनाशी झाली. तो आणखी थोडा थांबला, खेळ बंद केला, आणि दुपारचं विसळायचं राहिलेलं ताट घेऊन उठला.