गेटपर्यंत

गारखेड्यात आमच्या गल्लीत एक कर सल्लागार राहतात; आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून ते लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरतात. दर जुलैत मी शेअरविक्रीचे आणि डिव्हिडंडचे कागद घेऊन त्यांच्याकडे जातो. सॉफ्टवेअरमध्ये एकेक विक्री चढवताना ते कंपनीचं नाव पुटपुटतात. मी निघताना मात्र त्यांची स्क्रीनवरची नजर हलत नाही. ‘‘या पुढच्या वर्षी,’’ एवढंच. माणसानं निदान मान तरी वर करावी, असं मला नेहमी वाटायचं.

फक्त एकदा ते उठले. करमाडहून माझे थोरले भाऊ आले होते, चांगले धडधाकट. त्यांनी सगळे शेअर विकून टाकले होते. रिटर्नचं काम झाल्यावर सल्लागार स्वतः चपला घालून त्यांना गेटपर्यंत सोडायला आले. त्याच वर्षी दिवाळीच्या आत भाऊ वारले.

यंदा माझे कागद चढवताना त्यांचं पुटपुटणं मधेच थांबलं.

‘‘सगळेच विकले? काहून?’’

‘‘असंच. आवरून ठेवावं वाटलं.’’

‘‘तुमचे भाऊबी हेच म्हणले होते.’’

मी हसण्यावारी नेलं. रिटर्न भरून झाला. त्यांचं ठरलेलं वाक्य ऐकायला मी दारात थांबलो. मागं खुर्ची सरकली. वळून पाहिलं, तर ते वाकून टेबलाखाली चपला शोधत होते.