भिंतीवरची सात बटनं

मी दारव्ह्याच्या एका कचेरीत झाडझूड करते. संध्याकाळी सगळे गेले की सातही कॉम्प्युटरची बटनं भिंतीवरून बंद करायची, ही माझी रीत.

एकदा यवतमाळहून एक बाई आल्या. नाव विचारायचं धाडस मला झालं नाही. चपला टेबलाखाली काढून, खुर्चीवर मांडी घालून त्या एकाच कॉम्प्युटरवरून बाकीच्यांत नवा प्रोग्राम पाठवत होत्या. जागेवरून उठायच्या नाहीत. प्रोग्राम रात्रभरात आपोआप उतरणार होता.

दुसऱ्या सकाळी पाहतात तर एकातही प्रोग्राम उतरला नव्हता. कचेरीतले मोठे बाबू म्हणाले, "बसल्या जागी कामं झाली असती, तर आमी कायले पळालो असतो? दुसऱ्या कोणाले बोलावतो."

बाईंनी ओढणीनं चष्मा पुसला आणि पुन्हा चूक शोधू लागल्या. चूक माझ्या हातची होती. मी झाडू तसाच धरून म्हणाले, "बाई, काल बटनं मी बंद केलती."

मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "मले इथून साऱ्या मशिनी दिसतात, पण भिंतीवरचं बटन नाही दिसत. ते तुमच्या हाती हाय. आज चालू राहू द्या."

तिसऱ्या सकाळी सगळ्या कॉम्प्युटरांत प्रोग्राम उतरला होता. बाबू म्हणाले, "जमलं म्हणा तुमाले."

"आमाले दोघींले," बाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

आता बटन दाबण्याआधी मी कॉम्प्युटरचा पडदा पाहते. त्यावर प्रोग्राम उतरत असल्याची पट्टी सरकत असेल तर हात लावत नाही, मोठ्या बाबूंनी बंद कर म्हणून सांगितलं तरी.