चिंचेने घासलेले रिव्हॉल्व्हर

ज्या माणसाच्या दुकानात काळवंडलेला एक तांब्याही फळीवर राहत नसे, त्याने घरातली चार जुनी लष्करी रिव्हॉल्व्हरे मात्र काळीच का ठेवली? वासुदेवभाऊ गेल्याचे त्यांच्या मुलाने, मनोहरने, फोनवर कळवले तेव्हा मनात प्रथम हाच प्रश्न आला... कारण त्याचे उत्तर भाऊंनी मला आमच्या शेवटच्या भेटीत दिले होते.

भंडाऱ्यात त्यांचे पितळी भांड्यांचे दुकान. मी शाळेत इतिहास शिकवीत असे आणि पहिल्या महायुद्धाचा धडा आला की वर्ग त्यांच्या बैठकीत नेत असे. काचेच्या कपाटात पाच रिव्हॉल्व्हरे होती. सगळी निकामी केलेली, कागदपत्रे चोख. भाऊ मुलांना आधी मुठीच्या बुडाची कडी दाखवीत. तिच्यात दोरी ओवून ती गळ्यात अडकवायची, म्हणजे घोड्यावर स्वार असताना हात सुटला तरी शस्त्र खाली पडत नाही. मग मुठीची मागची पट्टी. त्या काळी तिच्यावर पुष्कळदा पलटणीची अक्षरे ठोकलेली असत. चार रिव्हॉल्व्हरांवर ती काळ्या थरातूनही वाचता येत. पाचवे मात्र लखलखीत होते आणि त्याची पट्टी कोरी.

ते भाऊंच्या आजोबांचे. आजोबा करडी गावचे, पहिल्या महायुद्धात जमादार या लष्करी हुद्द्यावर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढून आले आणि त्याविषयी घरात एक शब्द बोलले नाहीत. ते कोणत्या पलटणीत होते, एवढे एकच भाऊंना आयुष्यभर जाणून घ्यायचे होते. बाकीची चार त्यांनी त्यासाठीच मिळवली. त्याच घडणीची शस्त्रे शेजारी ठेवून, भिंग लावून, कोऱ्या पट्टीवर एखाद्या अक्षराची खूण उरली आहे का, हे ते तासन् तास शोधत. मुले विचारीत, यावरची अक्षरे कुठे गेली? "लढाईत झिजलं," एवढेच भाऊ सांगत, आणि दाराशी बसलेली त्यांची आई अभिमानाने मान डोलवी.

शेवटच्या भेटीत त्यांना दम लागत होता. मी सहज त्या लढाईचा विषय काढला.

"गुरुजी, लढाईत नाही झिजलं. मायनं घासलं."

लग्न होऊन आल्यापासून दर दसऱ्याला, शस्त्रपूजेच्या आधी, चिंच आणि विटेची भुकटी घेऊन, पाण्याचा गुंड घासावा तसे. पितळेच्या घरची सून ती. काळे दिसले की हात स्वस्थ बसत नसे. भाऊ जाणते झाले तोवर पट्टी गुळगुळीत झाली होती. आईला कधी सांगितले नाही का, असे मी विचारले.

"कायले सांगू? सासऱ्याची एकच वस्तू, तिनं जिवापाड जपली. सांगतलं असतं त जेवली नसती." मग किंचित हसले. "बाकीच्यायले मात्र हात लावू देल्ला नाही. म्हटलं, हे सरकारी हायेत, घासले त पोलीस येते."

आई गेल्यावर त्या एका रिव्हॉल्व्हरला दसऱ्याला चिंच लावण्याचे काम भाऊंनी स्वतःकडे घेतले. मग तेच म्हणाले, "आजाचं गेलं, गुरुजी... मायचं त राहू द्या."

परवानाधारकाच्या मृत्यूनंतरच्या नियमाप्रमाणे मनोहरने पाचही रिव्हॉल्व्हरे ठाण्यात जमा केली आहेत. कागद त्याच्या नावावर होईपर्यंत ती तिथेच राहतील. गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा कपाटात मखमलीवर पाच खोलगट ठसे तेवढे होते. खालच्या खणात चिंचेचा गोळा ठेवलेली पितळी वाटी जागेवरच होती. भाऊंच्या पत्नी शकुंतलावहिनींनी ती उचलली, पदराने पुसली आणि विचारले, "दसऱ्याच्या आत येईन का हो, गुरुजी? तिथं काळं पडन ते."

वाचकांना एक साधी विनंती आहे. एखाद्या संग्रहालयात जुने लष्करी रिव्हॉल्व्हर दिसले, तर मुठीच्या मागच्या पट्टीकडे पाहा. तिथे अक्षरे असत, हे केवळ मी लिहिले म्हणून मानू नका. स्वतः पाहून खात्री करून घ्या. आणि पट्टी कोरी दिसली, तर ती लढाईतच झिजली असेल असे लगेच धरून चालू नका.